गवई साहेब निवृत्त झाले. कोल्हापूर बेंच लांज्याला जवळ, मंडणगडला लांबच

सरन्यायाधीश भूषण गवई २३ नोव्हेंबर २०२५ ला निवृत्त झाले. त्या खुर्चीवर जेमतेम सहा महिने. दिल्लीचं टीव्हीवाले बोलतील, आपण आपल्या जिल्ह्यापुरतं बघू.

माणूस अमरावतीचा. वडील रा. सू. गवई रिपब्लिकन पक्षाचे मोठे नेते, पुढे राज्यपाल. मुलगा शिकला मात्र पालिकेच्या मराठी शाळेत. १९८५ ला वकिली, २००३ ला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती, २०१९ ला सुप्रीम कोर्ट. १४ मे २०२५ ला सरन्यायाधीश, बौद्ध समाजातले पहिलेच. नोटीस आणि सुनावणी न देता घरावर बुलडोझर चालवायचा नाही, हा २०२४ चा निकाल त्यांच्याच खंडपीठाचा.

आता आपलं. १२ ऑक्टोबरला, भातकापणीच्या ऐन धांदलीत, त्यांनी मंडणगडला कोर्टाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन केलं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे याच तालुक्यातलं, त्यामुळे लोकांना त्याचं कौतुक जास्तच.

त्याआधी १७ ऑगस्टला कोल्हापुरात हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं उद्घाटनही त्यांच्याच हस्ते झालं. त्यासाठी वकिलांनी चाळीसेक वर्षं मागणी लावून धरली होती. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूरसोबत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचे खटले आता तिथे चालतात. लांजा, संगमेश्वर, रत्नागिरीवाल्यांचं भलं झालं. जमिनीच्या दाव्यात अपील म्हटलं की मुंबईत मुक्काम, पाहुण्यांच्या खोलीत पथारी, आणि कोर्टात गेल्यावर कळायचं की पुढची तारीख पडली. आता सकाळी आंबा घाट चढायचा, रात्री घरी जेवायला.

मंडणगड, दापोली, खेडचं गणित मात्र उलटं. खेडला रेल्वेत बसलं की सरळ मुंबई. कोल्हापूरला जायचं तर चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड असा वळसा, आणि कोकणातून तिकडे थेट रेल्वे नाहीच. पावसात घाटात दरड आली की तारीख हुकलीच समजा. शिवाय आमच्याकडे घरटी एक माणूस मुंबईत. वकिलाला भेटणं, कागद पोचवणं, सगळं तोच बघायचा. कोल्हापुरात आपलं कोण आहे?

बेंच नको असं कोणी म्हणत नाही, मीही नाही. पण मंडणगडच्या नव्या इमारतीत हायकोर्टाच्या व्हिडीओ सुनावणीसाठी एक खोली हवी, आणि अपिलाचे कागद ऑनलाइन भरून देणारा माणूस तिथेच बसायला हवा. उत्तरेकडच्या तिन्ही तालुक्यांतल्या वकील मंडळींनी हे एकत्र मागितलं पाहिजे, तेही पुढच्या पावसाळ्याच्या आत.