खेळायला ठेवलेली यंत्रं
लास व्हेगासला जाणाऱ्या कुणी मला एकच जागा विचारली, तर मी कॅसिनो सांगणार नाही; शहराच्या प्रसिद्ध स्वागतफलकाजवळचं ‘पिनबॉल हॉल ऑफ फेम’ सांगेन. टिम आर्नल्ड यांनी जमवलेली जुनी पिनबॉल आणि व्हिडिओ गेमची यंत्रं तिथे ओळीने उभी आहेत, नुसती बघायला नव्हे, खेळायला. नाणं टाकायचं, दांडा खेचून सोडायचा. पोलादी गोळी उसळते, बंपरवर आदळते, खरीखुरी घंटा वाजते आणि गुणांची चाकं खटखट फिरतात. जुन्या यंत्रांत ही सगळी करामत कॉइल, रिले आणि तारांची. चिपचा पत्ताच नाही. १९४७ मध्ये गॉटलिब कंपनीच्या ‘हम्प्टी डम्प्टी’ने गोळी परत वर उडवणारे फ्लिपर आणले, तोवर गोळी सुटली की खेळाडूच्या हाती फारसं काही उरत नसे. न्यूयॉर्कने तर १९४२ मध्ये हा खेळ जुगारच ठरवला, यंत्रं हातोड्यांनी फोडली. बंदी उठली १९७६ मध्ये, पिनबॉल खेळाडू रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या समितीसमोर गोळी कुठून जाईल हे आधी सांगून तसंच करून दाखवल्यावर. कौशल्याला इतकी वर्षं जुगार म्हटलं गेलं, याचा मला अजून राग येतो. आणि ही यंत्रं टिकवणं सोपं नाही: रबर झिजतं, बल्ब जातात, कॉइल जळतात, जुने सुटे भाग सहज मिळत नाहीत. कुणालातरी सतत काच उघडून आत हात घालावा लागतो. गेलात, तर साठच्या दशकातल्या यंत्रांपासून सुरुवात करा.