फाइल कुठे आहे, ते आधी सांगा!

लॅपटॉपची सी ड्राइव्ह भरून लाल झाली, म्हणून आमच्या एका सहकाऱ्याने क्लाउडच्या फोल्डरमधले दहा वर्षांचे फोटो डिलीट केले. ‘क्लाउडवर आहेतच की!’ हा त्याचा विश्वास. संध्याकाळी मोबाइल उघडला, तर तिथूनही फोटो गायब! त्याला मूर्ख म्हणून मोकळे होणाऱ्यांना आमचा सवाल आहे: सिंक म्हणजे काय, हे त्याला कोणी, कधी सांगितले होते?

सिंक हा आरसा आहे. इकडे पुसले की तिकडेही पुसले जाते. गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप आवृत्तीत ‘मिरर’ निवडले, की क्लाउडवरच्या शंभर जीबी फाइली तुमच्या डिस्कवरही शंभर जीबी बळकावून बसतात. मग २५६ जीबीच्या लॅपटॉपचा श्वास कोंडणार नाही तर काय? ‘स्ट्रीम’ निवडले, तर लागेल तीच फाइल खाली उतरते. तरीही तात्पुरत्या प्रतींची कॅश थोडी जागा खातेच. वनड्राइव्हमध्ये मागणीनुसार फाइल उतरवण्याची सोय २०१७ पासून आहे. सोय आली, समज मात्र दारातच उभी राहिली!

विंडोजमध्ये वनड्राइव्हच्या एखाद्या फाइलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. ‘साइझ’ चार जीबी आणि ‘साइझ ऑन डिस्क’ शून्य दिसले, तर फाइल फक्त क्लाउडवर आहे. तिच्याजवळ निळा ढग असतो. हिरवी खूण असेल, तर ती डिस्कवर उतरली आहे. त्याच मेनूत ‘फ्री अप स्पेस’ही आहे आणि ‘डिलीट’ही. पहिले फक्त डिस्कवरची प्रत काढते, दुसरे सर्व उपकरणांवरून फाइल उडवते. एवढा जीवघेणा फरक परक्या भाषेतल्या दोन-तीन शब्दांवर सोपवायचा, हा कुठला न्याय?

कंपन्यांनो, ॲप बसवतानाच स्वच्छ मराठीत विचारा: प्रत डिस्कवर ठेवू की फक्त क्लाउडवर? संगणक वर्ग चालवणाऱ्यांनो, फॉन्टचे रंग बदलायला शिकवण्याआधी फाइल राहते कुठे, ते शिकवा. आणि वाचकहो, मोलाच्या फाइलींची एक प्रत सिंकबाहेरच्या हार्ड डिस्कवर आजच काढा.

आमच्या सहकाऱ्याचे फोटो ट्रॅशमधून परत मिळाले. तिथली फाइल तीस दिवसांनी कायमची पुसली जाते, हे त्याला वेळेत कोणीतरी सांगितले म्हणून. असा सांगणारा प्रत्येकाला भेटेलच, या भरवशावर समाजाच्या आठवणी टांगून ठेवता येत नाहीत!