मेल्यावरची रांग आणि पलंगाखालची पेटी



मे महिन्याच्या सुट्टीत दुपारी आम्ही एक कादंबरी वाचत पडलो होतो. मध्येच हसू आले. धाकट्या लेकीने विचारले, "कशाला हसताय?" आम्ही म्हणालो, "एक माणूस मेलाय आणि रांगेत उभा आहे." ती म्हणाली, "मेल्यावर पण रांग?"

हो, रांगच. श्रीलंकेचे लेखक शेहान करुणातिलक यांची ही इंग्रजी कादंबरी, 'द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा'. 2022 साली तिला बुकर पुरस्कार मिळाला. त्याआधी 2020 मध्ये तिचे पहिले रूप भारतात 'चॅट्स विथ द डेड' या नावाने आले होते. काळ 1990 चा, शहर कोलंबो. माली हा युद्धाचे फोटो काढणारा, जुगाराचा नाद असलेला माणूस. डोळे उघडतो तर तो एका कचेरीत. खिडक्या, कागद, आरडाओरडा, "पुढच्या खिडकीवर जा". आपली तहसील कचेरीच जणू! तिकडे त्याचे शरीर बेइरा तलावात बुडते आहे आणि आपल्याला कोणी मारले हे त्यालाच आठवत नाही.

हसता हसता घास घशात अडकतो तो पुढे. मालीने 1983 च्या तमिळविरोधी दंगलीचे आणि नंतरच्या कत्तलींचे फोटो काढून एका पलंगाखालच्या पेटीत लपवले आहेत. ते जगासमोर यावेत म्हणून त्याच्याकडे सात रात्री आहेत. तो मित्रांच्या कानाशी ओरडतो, पण जिवंत माणसांना मेलेल्याचे ऐकू येत नाही. 2009 मध्ये तिथले युद्ध संपले, तेव्हा किती माणसे मेली आणि दोष कोणाचा यावर वाद पेटला होता. मेलेल्यांनाच बोलते केले तर, हा विचार तेव्हा आपल्या मनात आला, असे लेखकाने सांगितले आहे.

शाळेतल्या एक बाई आम्हाला म्हणाल्या, "सर, मौत हा काय थट्टेचा विषय आहे?" प्रश्न रास्त आहे. आपला अकीदा या कादंबरीपेक्षा वेगळा आहे. आपल्याकडे मौतनंतर बरजख, मग कियामत आणि हिशेब. पुनर्जन्म नाही, भटकणारी भुतेही नाहीत. पुस्तकात शिव्या आहेत, रक्तपात आहे. मुलांच्या हाती ते देऊ नये. पण लेखक मौतला हसत नाही. माणसे मारून फाइल बंद करणाऱ्यांना तो हसतो. मेलेल्याचे काम मागे राहिले तर ते जिवंतांच्या गळ्यात असते, हे मात्र आम्हाला आपलेच वाटले.

पुस्तक मिटले आणि आम्हाला आमच्या घरातली पेटी आठवली. अब्बांची पत्र्याची पेटी. ते जाऊन चार वर्षे झाली, ती पलंगाखालीच होती. जनाजाच्या नमाजआधी आम्ही रिवाजाप्रमाणे उभे राहून सांगितले होते, "मरहूमकडे कोणाचे काही येणे असेल तर आमच्याकडून घ्या." कोणी पुढे आले नाही. आम्ही निश्चिंत झालो. पेटी उघडली नाही.

त्या संध्याकाळी उघडली. जुन्या वहीत अब्बांचे वळणदार उर्दू अक्षर. 2002 साल. सायकल दुकानवाल्या चाचांकडून 6,000 रुपये. कारण : बीएडची फी. खाली पाचशे-पाचशेच्या पाच नोंदी. पुढे पान कोरे.

बीएड आमचेच.

सूरह निसामध्ये वारसावाटपाचे नियम आहेत. तिथे वसीयत आणि कर्ज फेडल्यानंतरच वाटणी, असे स्पष्ट सांगितले आहे. आम्ही मुलांना हे शिकवतो. आणि अब्बांच्या जमिनीची वाटणी आम्ही भावांनी वही न बघताच केली होती.

दुसऱ्या दिवशी 3,500 रुपये घेऊन गेलो. चाचाही आता हयात नाहीत. चाचींनी वही पाहिली, पैसे पदराला बांधले. आम्ही विचारले, "चाची, त्या दिवशी का नाही बोललात?"

त्या म्हणाल्या, "बेटा, मय्यतीच्या दारात चार माणसांसमोर पैसे कसे मागू? वाटलं, अब्बांची वही तू बघशील."

चार वर्षे त्या वाट पाहत होत्या. त्या काळात त्यांच्या दारावरून आम्ही रोज शाळेत गेलो.

वाचकहो, जनाजाला ती घोषणा जरूर करा. पण नुसती घोषणा करून थांबू नका. येणे मागायला गरिबाला लाज वाटते, विधवेला तर जास्तच. आपल्या मरहूमांची वही, डबा, पेटी एकदा उघडून बघा. आणि आपण हयात आहोत तोवर आपली वही घरच्यांना दाखवून ठेवा. नंतर कानाशी कितीही ओरडलो तरी कोणाला ऐकू जाणार नाही.