भुताचे ऐकले, माणसाचे नाही

दिवाळी अंकात भुताची एकही गोष्ट नसली, तर फराळाच्या ताटात चकलीच वाढली नाही असे पुष्कळांना वाटते. अंगणात पणत्या तेवत असाव्यात, आत दिवाणखान्यात कोणीतरी पाय पोटाशी घेऊन पडक्या वाड्यातल्या हडळीची कथा वाचत असावे, आणि स्वयंपाकघरात भांडे पडले की त्याने दचकावे, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. तेव्हा एरवी या पानावर इकडच्या तिकडच्या गप्पा मारणाऱ्या माझ्यासारख्यानेही या खेपेस अंगावर काटा आणणारा विषय काढला, तर वाचक रागावणार नाहीत असे वाटते. मात्र माझ्या गोष्टीत वाडा नाही, पिंपळ नाही आणि मुंजाही नाही. आहे तो नुसता बर्फ. नजर पोहोचेल तिथवर बर्फ.

डॅन सिमन्स या अमेरिकन लेखकाची ‘द टेरर’ नावाची एक जाडजूड कादंबरी २००७ साली निघाली. पुढे २०१८ साली तिच्यावर मालिकाही झाली. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात बर्फात रुतून बसलेली दोन इंग्रजी जहाजे, आणि भोवतालच्या काळोखातून येऊन खलाशांना एकेक करून उचलून नेणारा एक अक्राळविक्राळ प्राणी, अशी तिची कथा. माझ्या नातीने ती मालिका शाल डोक्यापर्यंत ओढून घेऊन पाहिली आणि मग मला विचारले, “आजोबा, यातलं खरं किती हो?” मी म्हटले, “राक्षस तेवढा खोटा. जहाजं खरी, माणसं खरी आणि त्यांची मरणंही खरी.” पण एवढ्याने तिचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर एवढ्यात सांगून होण्यासारखी ती गोष्टही नाही. राक्षस काढून टाकला म्हणजे ती जास्तच भयंकर होते.

गोष्ट आहे १८४५ सालची. युरोपातून अमेरिकेच्या डोक्यावरून आशियाकडे जाणारा जलमार्ग शोधून काढायचा, हा ध्यास इंग्रजांनी कित्येक वर्षे घेतला होता. त्यासाठी त्यांच्या आरमाराने ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन भक्कम जहाजे सज्ज केली. नाकाडांना लोखंडी पत्रे ठोकलेले, पोटात वाफेची एंजिने बसवलेली, तीन वर्षांची शिधासामग्री, डबाबंद मांसाचे हजारो डबे, हजारांहून अधिक पुस्तके, आणि करमणुकीला हाताने फिरवायचे ऑर्गनही! मोहिमेचे प्रमुख सर जॉन फ्रँकलिन तेव्हा ५९ वर्षांचे होते. मे महिन्यात जहाजे इंग्लंडहून निघाली. जुलैच्या अखेरीस देवमाशांची शिकार करणाऱ्या काही खलाशांनी ती पाहिली. त्यानंतर त्या दोन जहाजांवरच्या १२९ माणसांपैकी एकही माणूस घरी परतला नाही.

एक वर्ष गेले, दोन गेली, तीन गेली. वाट पाहणाऱ्या माणसाचे काय होते हे कोणी मुद्दाम सांगायला नको. फ्रँकलिन यांची पत्नी लेडी जेन ही मोठी हिंमतीची बाई. तिने आरमारखात्याचे उंबरठे झिजवले, मंत्र्यांना पत्रे लिहिली, पदरचा पैसा खर्चून जहाजे पाठवली. आणि माणूस सगळीकडून थकला की ज्या दाराशी जातो, त्या दाराशीही ती गेली. आपल्याकडे अशा वेळी कौल लावतात, कोणी पत्रिका दाखवतात. तिकडे त्या वेळी संमोहनाचे वेड होते. बोल्टन गावच्या एम्मा नावाच्या एका मोलकरणीला संमोहननिद्रेत घालून फ्रँकलिनसाहेबांविषयी विचारण्यात आले, आणि ते हयात असल्याचे तिने सांगितले. प्रत्यक्षात ते केव्हाच वारले होते.

त्याहून विलक्षण कहाणी आयर्लंडमधल्या लंडनडेरी गावची. तिथे कॅप्टन कॉपिन नावाचे जहाजबांधणी करणारे गृहस्थ राहत. त्यांची वीझी नावाची चिमुरडी १८४९ साली तापाने गेली. काही दिवसांनी घरातली बाकीची मुले सांगू लागली, की वीझी आम्हाला दिसते, निळसर उजेडाच्या गोळ्यासारखी. घरातल्या मोठ्यांनी मुलांकरवी तिला प्रश्न केला, की फ्रँकलिन कुठे आहेत? तेव्हा म्हणे जमिनीवर बर्फाळ समुद्राचा नकाशा उमटला आणि ‘व्हिक्टरी पॉइंट’ वगैरे ठिकाणांची नावे दिसली. १८५० साली कॅप्टन कॉपिन स्वतः लंडनला गेले आणि ही हकीकत त्यांनी लेडी जेनच्या कानावर घातली.

आता गंमत पाहा. पुढे १८५९ साली या मोहिमेचा एकमेव महत्त्वाचा कागद सापडला तो व्हिक्टरी पॉइंटजवळच! वाचकांच्या अंगावर काटा आला असेल, तर तो क्षणभर तसाच राहू द्या. पण हेही लक्षात घ्या, की वीझीची सविस्तर कहाणी छापून प्रसिद्ध झाली ती १८८९ साली, म्हणजे सगळा शोध लागून तीस वर्षे उलटल्यावर. शिवाय व्हिक्टरी पॉइंट हे नाव जेम्स रॉस यांच्या १८३० सालच्या प्रवासापासून नकाशांवर होतेच, आणि दर्यावर्दी माणसाच्या घरात नकाशे नसतील तर कुणाच्या असतील? तरीही मी कॉपिन कुटुंबाला हसणार नाही. लेडी जेनला तर नाहीच नाही. ज्या घरात लेकरू गेले आहे, आणि ज्या घरातला कर्ता पुरुष समुद्राने गिळला आहे, त्या घरांना उजेडाचा एखादा गोळा दिसला तर दिसू द्यावा.

माझा राग आहे तो याच्या पुढच्या प्रकरणावर.

१८५४ साली डॉक्टर जॉन रे नावाचा एक काटक प्रवासी त्या भागात फिरत होता. हा मूळचा स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवरचा, पेशाने डॉक्टर आणि नोकरी हडसन बे कंपनीत. इतर इंग्रज साहेबांप्रमाणे तो चांदीचे काटेचमचे घेऊन बर्फात जात नसे. तिथल्या इनुइट लोकांकडून त्याने बर्फाचे घर बांधायला, शिकार करायला आणि कातड्याचे कपडे वापरायला शिकून घेतले होते. त्याला एक इनुइट भेटला, ज्याच्या डोक्याला सोनेरी फीत होती. साहेबाच्या टोपीवरची! विचारपूस करता हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली. काही वर्षांपूर्वी चाळीसएक गोरे लोक एक होडी ओढत दक्षिणेकडे जाताना दिसले होते. ते उपाशी होते. पुढे त्यांची प्रेते सापडली. आणि त्या प्रेतांची व शेजारच्या भांड्यांची अवस्था अशी होती, की शेवटी शेवटी जिवंत राहिलेल्यांनी मेलेल्या सोबत्यांचे मांस खाल्ले, याविषयी शंका उरली नाही. रे यांनी त्या लोकांकडून चांदीचे चमचे आणि खुद्द फ्रँकलिन यांचे एक मानचिन्ह विकत घेतले आणि आरमारखात्याला सरळ अहवाल दिला. खात्याने तो वर्तमानपत्रांना देऊन टाकला.

लंडनमध्ये एकच गहजब उडाला. इंग्रज सभ्य गृहस्थ आणि नरमांस? छे, छे! लेडी जेनने चार्ल्स डिकन्स यांची गाठ घेतली, आणि या थोर कादंबरीकाराने आपल्या साप्ताहिकातून रे यांच्या साक्षीदारांवर लेखणी परजली. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: आपली शिस्तीची माणसे असे करणे शक्य नाही, सांगणारे लोक रानटी आहेत, त्यांच्या शब्दावर भरवसा कोण ठेवील? उलट त्यांनीच आपल्या माणसांना मारले नसेल कशावरून? रे यांनी त्याच साप्ताहिकात उत्तर दिले, की मी या लोकांत राहिलो आहे, त्यांना ओळखतो. पण पट्टीच्या लेखकापुढे साध्या डॉक्टरची लेखणी कशी टिकणार? रे आणि त्यांच्या माणसांना सरकारी बक्षिसाचे दहा हजार पौंड मिळाले खरे. पण ‘सर’ हा किताब मात्र त्यांच्या वाट्याला कधीच आला नाही.

या वादातूनच पुढे विल्की कॉलिन्स यांनी एक नाटक लिहिले. १८५७ साली त्यात स्वतः डिकन्सने बर्फात आत्मत्याग करणाऱ्या वीराची भूमिका केली आणि व्हिक्टोरिया राणीसमोर त्याचा प्रयोग झाला. त्या नाटकात एक स्कॉच दाई आहे. तिला दूरवर घडणाऱ्या गोष्टी दिसतात, बर्फावरचे रक्त दिसते. दाईची दिव्य दृष्टी रंगभूमीवर चालली. ज्यांनी खऱ्या डोळ्यांनी पाहिले होते, ते मात्र लबाड ठरले!

काळाने मात्र आपले काम सावकाशीने केले. १८५९ साली व्हिक्टरी पॉइंटजवळ दगडांच्या ढिगाऱ्यात जो कागद सापडला, त्यावर दोन मजकूर आहेत. पहिला मे १८४७ चा: सर्व क्षेमकुशल. त्याच्याच कडेने, मिळेल त्या जागेत, एप्रिल १८४८ मध्ये लिहिलेला दुसरा: फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजी वारले, एकूण २४ माणसे गेली, सप्टेंबर १८४६ पासून बर्फात अडकलेली जहाजे सोडून दिली आहेत, उरलेले १०५ जण उद्या दक्षिणेकडच्या नदीच्या दिशेने निघणार. हा दुसरा मजकूर बहुतेक सगळा ‘एरेबस’चे कॅप्टन जेम्स फिट्झजेम्स यांच्या हातचा आहे. मोहीम निघाली तेव्हा हा उमदा अधिकारी अवघा ३१ वर्षांचा होता. तो आणि ‘टेरर’चे कॅप्टन क्रोझियर या दोघांच्या सह्या त्याखाली आहेत.

पुढे एका होडीत दोन सांगाडे मिळाले. होडीत रेशमी रुमाल, सपाता, पुस्तके, चांदीची भांडी असे मणामणाचे ओझे होते. भुकेने व आजाराने खंगलेली माणसे ते ओझे बर्फावरून ओढत होती! डब्यांच्या शिशाने विषबाधा झाली, असे मध्यंतरी फार जोरात म्हटले जाई. पण एकट्या शिशाने हा घात केला, असे आता पुष्कळ अभ्यासक मानत नाहीत. भूक, थंडी आणि रोगराई ही तिन्ही मिळून पुरेशी होती.

१९९७ साली अभ्यासकांनी किंग विल्यम बेटावर मिळालेल्या हाडांची तपासणी प्रसिद्ध केली. ९२ हाडांवर सुरीच्या खुणा होत्या. आणि २०२४ साली त्याच जागेवरच्या एका जबड्याची ओळख पटली, हयात असलेल्या एका नातलगाच्या डीएनएशी ताडून पाहून. तो जबडा कॅप्टन फिट्झजेम्स यांचा होता. त्यावरही सुरीच्या खुणा आहेत. ज्या हाताने तो शेवटचा मजकूर लिहिला, त्याच माणसाची ही गत. भुकेने हुद्दा पाहिला नाही. इनुइटांनी १८५४ साली जे सांगितले, ते १७० वर्षांनी अशा रीतीने अक्षरशः खरे ठरले.

जहाजांचेही तेच. एक जहाज बरेच दक्षिणेला वाहत जाऊन बुडाले, असे इनुइट म्हातारेकोतारे पिढ्यान् पिढ्या सांगत आले होते. २०१४ साली ‘एरेबस’ तिथेच, जेमतेम अकरा मीटर पाण्याखाली सापडले. दोन वर्षांनी सॅमी कोगविक नावाच्या इनुइट माणसाने शोधपथकाला सांगितले, की काही वर्षांपूर्वी मासेमारीला जाताना एका खाडीत बर्फातून वर आलेले डोलकाठीसारखे लाकूड मी पाहिले होते. या खेपेस ऐकणाऱ्यांनी ऐकले, आणि त्याच खाडीत ‘टेरर’ मिळाले. त्या खाडीचे नाव आधीपासूनच ‘टेरर बे’ होते!

या सगळ्यात भूत कोणते, असे मला कोणी विचारले तर मी कादंबरीतल्या त्या राक्षसाचे नाव घेणार नाही. भुकेल्या खलाशांचेही घेणार नाही; त्यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हे ताट भरलेले असताना सांगणे सोपे असते. मला भीती वाटते ती त्या गरम शेगडीपुढे बसलेल्या सभ्य मंडळींची. मेलेल्या मुलीचा निरोप ऐकायला त्यांच्यापाशी वेळ होता. पण कातड्याचे कपडे घातलेल्या जिवंत माणसाची साक्ष ऐकायला नव्हता. का, तर त्या साक्षीने आपल्याविषयीचे आपलेच मत बदलावे लागले असते. भुताची हीच मोठी सोय असते, की ते आपल्याला हवे तेच बोलते.

आपल्या घरातही याची उदाहरणे मिळतील. ज्योतिषाने सांगितले की आपण मान डोलावतो; तीच गोष्ट भांडी घासायला येणाऱ्या बाईने किंवा नुकत्या आलेल्या सुनेने डोळ्यांनी पाहून सांगितली, तर “तिला काय कळतंय!” म्हणून मोकळे होतो. असो. सणासुदीच्या दिवसांत जास्त बोलत नाही.

सप्टेंबर २०१४ मध्ये, ‘एरेबस’ सापडले त्याच महिन्यात, लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये फ्रँकलिन यांच्या स्मारकापाशी जॉन रे यांच्या नावाचा दगड बसवण्यात आला. त्यांना जाऊन तेव्हा १२१ वर्षे झाली होती.

अंकातल्या बाकीच्या भुताच्या गोष्टी अवश्य वाचा, दिवा थोडा मंद करून वाचा. मात्र दारावर कोणी काही सांगायला आले, तर आधी त्याचे ऐकून घ्या. हडळ पान मुडपून ठेवली तरी पळून जात नाही. दिवाळी सर्वांना सुखाची जावो.