जीएस नेमायचा की निवडायचा?

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपले स्टेटस तिरंगी होतात. सकाळी झेंडावंदन, मग एक भाषण, चहा-बिस्किट आणि घरी. लोह्यापासून लातूरपर्यंत बहुतेक कॉलेजांत कार्यक्रम साधारण असाच असतो. भाषणात निजाम येतो, रझाकार येतात, पोलीस अ‍ॅक्शन येते. एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते. हे सगळं करणाऱ्या लोकांनी नेमकं मागितलं काय होतं?

त्यांची मागणी दोन शब्दांची होती : जबाबदार राज्यपद्धती. राज्य चालवणारे लोकांनी निवडलेले असावेत आणि त्यांनी लोकांना उत्तर द्यावं, इतका साधा तिचा अर्थ. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, पुढच्या वर्षी लातूरला दुसरं. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेस उभी राहत होती, तर निजाम सरकारने ती कामाला लागायच्या आतच तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. अंबाजोगाईच्या शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ वर्ग सोडून या लढ्यात उतरले आणि तुरुंगात गेले.

आता गंमत बघा. निजामाच्या राज्यात कायदेमंडळ नव्हतं असं अजिबात नाही. १८९३ पासून होतं. सभासद होते, बैठका होत्या. फक्त ते सभासद बहुतेक नेमलेले होते आणि शेवटचा शब्द निजामाचा. म्हणजे लढा 'सभागृह द्या' असा नव्हताच. लढा होता तो 'नेमलेला नको, निवडलेला हवा' यासाठी.

या लढ्यात आपल्या वयाची पोरं होती. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या कॉलेजच्या आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणायला मनाई झाली. विद्यार्थी वर्गाबाहेर पडले. शेकडो जणांची नावं पटावरून काढली गेली. त्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला म्हणून त्यांचं शिक्षण तरी वाचलं. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्याच विद्यार्थ्यांपैकी एक. आपल्याकडे हजेरी कमी भरली तरी पोटात गोळा येतो. या मुलांनी अख्खं वर्ष पणाला लावलं होतं.

पुढचा इतिहास रक्ताचा आहे. लोहा तेव्हा कंधार तालुक्यातच होतं आणि त्याच तालुक्यातल्या कल्हाळीच्या गढीत रझाकारांशी लढताना माणसं मारली गेली. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं आणि १७ तारखेला निजाम शरण आला.

मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांचं राज्य सुरू झालं नाही. आधी लष्करी गव्हर्नर म्हणून जनरल जे. एन. चौधरी आले. १९५० मध्ये एम. के. वेल्लोडी मुख्यमंत्री झाले, तेही सनदी अधिकारी, दिल्लीने नेमलेले. लोकांनी मत दिलं ते पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. चिन्ह ओळखायचं आणि त्या चिन्हाच्या पेटीत मतपत्रिका टाकायची, अशी तेव्हाची पद्धत होती. १९५२ च्या मार्चमध्ये बुर्गुल रामकृष्ण राव यांचं सरकार आलं, तेव्हा कुठे हैदराबाद राज्यात निवडून आलेलं सरकार बसलं. मुक्ती आणि मत यांच्यात साडेतीन वर्षांचं अंतर होतं. आपण मुक्तीचा दिवस साजरा करतो, मताचा दिवस कुणाला आठवतही नाही.

त्यानंतरही एकेक पायरी बांधावीच लागली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या आणि निवडणूक गावापर्यंत पोचली. १९८९ मध्ये मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं, म्हणून आज एफवायचा पोरगा मतदार आहे. १९९३ पासून पंचायतींमध्ये महिलांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. यातली कोणतीही पायरी आपोआप आली नाही. आणि आलेली पायरी टिकतेच असंही नाही. मार्च २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतांश जिल्हा परिषदांची मुदत संपली. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात गेले आणि तीन वर्षांहून जास्त काळ निवडणुकाच झाल्या नाहीत. नांदेड त्यात होतंच. माळेगावच्या खंडोबाची यात्रा दरवर्षी भरली, घोडे-उंट आले, लावणी महोत्सव झाला. पण यजमान असलेल्या जिल्हा परिषदेत निवडून आलेला एकही सदस्य नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे. आपल्यापैकी किती जणांना हे खटकलं? मला तर यात्रेच्या गर्दीत कुणी हा विषय काढलेलाही आठवत नाही.

खटकत नाही, कारण निवडून देण्याची सवयच आपल्याला लागलेली नाही. ती कुठे लागायला हवी होती, तर कॉलेजात. पण कॉलेजात काय चालतं? वर्गात ज्याला जास्त मार्क तो सीआर. बाकीच्यांना त्याचं नाव ग्रुपवरच्या मेसेजमधून कळतं. कॅम्पसवरची हाणामारी, पैशाचा खेळ आणि १९८९ मध्ये मुंबईत झालेला एका विद्यार्थी नेत्याचा खून, या पार्श्वभूमीवर १९९० च्या दशकात महाराष्ट्रातल्या खुल्या विद्यार्थी निवडणुका बंद झाल्या. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर नेमणुकीची पद्धत आणली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला आपलं विद्यापीठ सुरू झालं. नाव कुणाचं, तर स्वामी रामानंद तीर्थांचं. ज्या माणसाने निवडलेल्या सरकारसाठी तुरुंग भोगला, त्याच्या नावाच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी नेमले जात राहिले.

बरं, कायदा बदलला नाही असंही नाही. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुकीची तरतूद आहे. २०१९ मध्ये वेळापत्रकही निघालं, पण विधानसभा निवडणूक जवळ आली म्हणून ते पुढे ढकललं गेलं. मग कोविड आला आणि विषय मागे पडला तो पडलाच.

याला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मला माहीत आहे, त्यात तथ्यही आहे. निवडणूक आली की पक्ष येतात, पैसा येतो, जात येते, भांडणं होतात. गावच्या ग्रामपंचायत निवडणुकीत भावकीत पडलेली फूट आपण बघितलेली असते. ग्रामीण भागातल्या मुलींच्या पालकांना तर ही भीती जास्तच वाटणार. पण म्हणून निवडणूकच नको? 'लोक अजून तयार नाहीत' हे वाक्य प्रत्येक काळात सत्तेवर बसलेल्यांनी वापरलंय. १९५२ मध्ये मराठवाड्यातल्या बहुतेक मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी चिन्ह बघून मत दिलं. मग बी.ए., बी.एस्सी. करणारी आपली पिढी नालायक कशी ठरते?

गोंधळ टाळायचे नियमही तयार आहेत. सुप्रीम कोर्टाने स्वीकारलेल्या लिंगडोह समितीच्या २००६ च्या शिफारशींमध्ये उमेदवाराच्या खर्चाला ५ हजार रुपयांची मर्यादा आहे, राजकीय पक्षांच्या पैशाला मनाई आहे, छापील पोस्टरवर बंदी आहे आणि उमेदवाराला हजेरीची अट आहे. ते कडकपणे पाळा. पण निवडणूक घ्या.

जीएस निवडून काय होईल, असं मित्र विचारतात. फार मोठं काही नाही. लायब्ररी संध्याकाळपर्यंत उघडी का नाही, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी का नाही, शेवटचा तास संपायच्या आत गावाकडची एसटी का निघून जाते, हे विचारायला एक माणूस असेल. त्याला आपण निवडलेलं असेल म्हणून त्याला आपल्याला उत्तर द्यावं लागेल. नाही दिलं, तर पुढच्या वर्षी तो पडेल. जबाबदार राज्यपद्धती म्हणतात ती हीच, फक्त कॉलेजच्या मापाची.

लोह्याचा मतदार जिल्ह्याने नांदेडचा, पण खासदार निवडतो लातूर मतदारसंघाचा. त्यामुळे आपलं काम नेमकं कुणाला सांगायचं, हा गोंधळ इथे नेहमीचाच. तो सोडवायची सुरुवात प्रश्न विचारण्यातून होते आणि प्रश्न विचारायचा सराव विशीतच व्हायला हवा.

येत्या १७ सप्टेंबरला स्टेटस जरूर ठेवा. सोबत आणखी एक काम करा. वर्गातल्या सगळ्यांच्या सह्यांचा एक अर्ज प्राचार्यांना द्या आणि त्याची प्रत कुलगुरूंना पाठवा. अर्जात एकच ओळ पुरे : विद्यार्थी परिषदेची निवडणूक कधी घेणार, हे आम्हाला लेखी कळवावं. आवक क्रमांक घ्यायला मात्र विसरू नका.