फिल्मच्या आधी काच मोजा

एप्रिल २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडीच्या काचांवर फिल्म चिकटवायलाच बंदी केली, मग ती कितीही फिकट असो. पुढे केंद्राने मोटार वाहन नियमांतला नियम १०० बदलला. १ एप्रिल २०२१ पासून प्लास्टिकचा थर असलेल्या सुरक्षा काचेला नियमात जागा मिळाली. त्याच आधारावर सप्टेंबर २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने प्रमाणात बसणारी फिल्म लावायला मोकळीक दिली. तेव्हापासून आपल्या धंद्यात एक वाक्य फार स्वस्त झाले आहे : "साहेब, सत्तरची फिल्म आहे, एकदम कायदेशीर!" ते बंद व्हायला हवे.

नियमातला आकडा नुसत्या फिल्मचा नाही. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत आला पाहिजे, आणि तो काच व फिल्म दोन्ही ओलांडून. कोरी काचही थोडा उजेड अडवतेच. समजा ती ७६ टक्के सोडते. तिच्यावर सत्तरची फिल्म लावली की उरतात सुमारे ५३, बाजूला चालेल. साठची लावली तर ४६, म्हणजे नियमाबाहेर. पुढच्या काचेवर तर नव्वदची, जवळजवळ दिसतही नाही अशी फिल्मसुद्धा ६८ वर आणून ठेवते. म्हणून ज्याच्याकडे उजेड मोजायचा मीटर नाही त्याने हे काम घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आधी मोजा, लावल्यावर पुन्हा मोजा, दोन्ही आकडे बिलावर लिहा. केरळचा निकाल दाखवला की महाराष्ट्रात दंड टळेल, अशी हमी मात्र देऊ नका. दंड गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो.

बहुतेकांना काळोख नको असतो, ऊन कमी हवे असते. चांगली सिरॅमिक फिल्म फिकट असूनही उष्णता अडवते. ती महाग का, हे समजावून सांगायला पाच मिनिटे द्या. धातूचा थर असलेली फिल्म जीपीएस आणि फास्टॅगला अडथळा करू शकते, हेही विकण्याआधीच सांगा.

जुनी फिल्म काढताना मागच्या काचेवर ब्लेड फिरवू नका. डिफॉगरच्या रेषा खरवडल्या की त्या काचेचा उपयोग अर्धा गेला. वाफेने गोंद सैल करा, वेळ लागला तरी चालेल. नवी फिल्म लावताना मारलेले शाम्पूचे पाणी दाराच्या स्विचांत उतरू नये म्हणून खाली टॉवेल घाला.

गाडी परत देताना पॉवर विंडोच्या बटणांवर कागदी टेप चिकटवा आणि चार-पाच दिवस काच खाली करू नका म्हणून सांगा. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, फिल्म सुकायला याहून जास्त दिवस लागतात. आत राहिलेल्या पाण्याने तोवर फिल्म धुरकट दिसते, हे आधी सांगितले नाही तर माणूस दुसऱ्याच दिवशी दुकानात उभा राहतो. अमोनियाचा काच-क्लीनर नको. साधे पाणी आणि मऊ मायक्रोफायबर कापड पुरते.