‘अ‍ॅडॉप्शन झालं!’ म्हणून लगेच टाळ्या वाजवू नका

पोस्ट मोठी आहे. काहींना झोंबेल. तरी पूर्ण वाचा आणि मग भांडा.

गेल्या आठवड्यात वाऱ्याचा फोटो टाकला होता. दहा महिन्यांचा गावठी कुत्रा, लसीकरण झालेलं, नसबंदी झालेली, माणसांवर अफाट जीव. आतापर्यंत दोन घरांतून परत आलाय. फोटो बघून चार जणांनी ‘आम्ही नेतो’ म्हणून कळवलं आणि चौघांनाही मी नाही म्हटलं. त्यावर ‘एवढे नखरे असतील तर स्वतःच ठेवा ना’, ‘मुलगी द्यायचीय की कुत्रं?’ अशी बरीच मुक्ताफळं ऐकून झाली. म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे शहरात रविवारी अ‍ॅडॉप्शन कॅम्प होतात. मांडव, फुगे, टोपलीत दीड-दोन महिन्यांची पिल्लं. संध्याकाळी पोस्ट येते, आज इतक्या पिल्लांना घर मिळालं. खाली बदामांचा पाऊस. मला त्या आकड्याचं कौतुक नाही. मला दुसरा आकडा हवाय, जो कुणीच टाकत नाही. आठ महिन्यांनी त्यातली किती पिल्लं त्याच घरात आहेत?

परत करण्याचे फोन साधारण पिल्लू सहा महिन्यांच्या पुढे गेलं की सुरू होतात, आणि कारणंही ठरलेली. ‘खूप उड्या मारतो.’ ‘सोफा फाडला.’ ‘आईंना पाडलं.’ ‘आम्ही ऑफिसला गेलो की भुंकतो, सोसायटीचे लोक बोलतात.’ अहो, तो बिघडलेला नाही, वयात आलाय! सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंतचा कुत्रा म्हणजे अंगात वारं भरलेलं पोर. त्याला सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर पळायला, हुंगायला, डोकं चालवायला हवं. ते नाही मिळालं तर ती ताकद कुठेतरी निघणारच. दमलेला कुत्रा झोपतो, न दमलेला चपला खातो. यात कुत्र्याची चूक शून्य.

मग चूक कुणाची? नेणाऱ्याची आहेच. पण देणाऱ्यांचीही आहे, आणि हे मी आमच्याच मंडळींना सांगतेय.

आपण प्रश्नच चुकीचे विचारतो. घर स्वतःचं की भाड्याचं? लग्न झालंय का? बॅचलर असाल तर नको. घर केवढं, वनबीएचके की थ्रीबीएचके? या प्रश्नांतून कुत्र्याबद्दल काय कळतं? थ्रीबीएचकेमध्ये बारा तास एकटा कोंडलेला कुत्रा सुखी, आणि भाड्याच्या एका खोलीत राहून रोज पहाटे वेताळ टेकडीवर पळायला जाणाऱ्या पोराकडचा दुःखी, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? घरमालकाची लेखी परवानगी मागा, जरूर मागा. पण चौरस फूट मोजणं थांबवा आणि तास मोजायला लागा.

विचारायचं ते हे. सकाळी सहाला घरात कोण उठतं? बाहेर नेणार कोण, त्या माणसाचं नाव सांगा. ‘आम्ही सगळेच’ म्हणजे कुणीच नाही. दिवसातून किती तास कुत्रा एकटा राहणार? जुलैच्या पावसात काय करणार? मे महिन्यात ऊन चढायच्या आत फिरवून आणाल का? घरात गुडघे दुखणारे आजी-आजोबा किंवा रांगणारं बाळ आहे का? पुढच्या दोन वर्षांत बदली, परदेश, बाळंतपण यातलं काही ठरलंय का? गावाला जाताना कुणाकडे ठेवणार?

मी नाही म्हटलेल्या चौघांपैकी एका घरात सत्तरीतले काका-काकू दोघंच. माणसं सोन्यासारखी. पण वाऱ्याने प्रेमाने एक उडी मारली तरी काकूंचं खुब्याचं हाड जाईल. त्यांना मी पाच-सहा वर्षांचा, शांत, बाल्कनीत ऊन खात बसणारा कुत्रा सुचवलाय. असे कितीतरी पडून आहेत, कारण सगळ्यांना पिल्लूच हवं असतं. म्हणजे नकार घराला नव्हता, जोडीला होता. एवढा साधा फरक आहे.

दुसरे म्हणाले, ‘आमचं जुन्नरकडे फार्महाऊस आहे, तिथे मोकळा राहील बिचारा.’ हे ‘मोकळा राहील’ फार फसवं आहे. मालक येणार महिन्यातून दोन शनिवारी. बाकीचे दिवस राखणदार त्याला साखळीला बांधणार, कारण सोडला तर शेजाऱ्याच्या कोंबड्या धरेल. आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यात रात्री अंगणात बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. तिथल्या शेतकऱ्यांना विचारा, ते सांगतील. ज्याचं घर शेतातच आहे, जो रात्री कुत्र्याला आत घेतो, दिवसभर त्याच्याबरोबर असतो, त्याच्याकडे वाऱ्या आनंदाने जाईल. पण रिकाम्या बंगल्याची राखण करायला नाही.

आता कायद्याचं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा. त्याच्या कलम ११ नुसार सतत बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं न फिरवणं हासुद्धा गुन्हा आहे. उपाशी-तहानलेला राहील अशा परिस्थितीत प्राण्याला सोडून देणं हाही गुन्हा. किती जणांना माहीत होतं? आणि पहिल्या गुन्ह्याला दंड किती? कमीत कमी १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये. अजूनही! आजच्या भावात दोन वडापाव. म्हणजे घाटात गाडी थांबवून कुत्रा उतरवून निघून जाणाऱ्याला कायद्याची भीती नाही. म्हणूनच चाळणी दारातच लावावी लागते.

‘नाही जमलं तर परत रस्त्यावर सोडू, तिथलाच तर होता,’ असंही लोक सहज बोलतात. तिथला होता तो पिल्लू असताना. घरात वाढलेल्या कुत्र्याला ट्रॅफिक कळत नाही, अन्न शोधता येत नाही आणि गल्लीतली कुत्री त्याला उभं करत नाहीत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही नसबंदी झालेला रस्त्यावरचा कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा, असं आहे. जागेचा संबंध असतो म्हणूनच. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्लीच्या भटक्या कुत्र्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची.

आता समोरच्यांचा खरा मुद्दा, कारण तो खोटा नाही. ‘तुम्ही अशा चाळण्या लावल्यात तर घरं मिळणारच नाहीत. फॉस्टरच्या घरी आधीच सहा-सात कुत्री, रोज नवीन फोन. जागा रिकामी कशी होणार?’ हे ओझं मीही उचलते, त्यामुळे कळतं. पण हिशोब नीट करा. चुकीच्या घरी गेलेला कुत्रा तीन महिन्यांनी परत आला, तर जागा रिकामी झालीच नाही. उलट गोंडस पिल्लू गेलं होतं, आता मोठा, बावरलेला, ‘परत आलेला’ असा शिक्का बसलेला कुत्रा घरी आलाय. त्याला घर मिळणं दुप्पट कठीण. शिवाय लग्न, भाड्याचं घर, चौरस फूट या फालतू अटी काढल्या, तर आज आपण हाकलतो अशी कितीतरी चांगली घरं उघडतील. मी अटी वाढवा म्हणत नाहीये, अटी बदला म्हणतेय.

आणि कॅम्पवाल्यांना तीन विनंत्या. एक, पहिले पंधरा दिवस ‘बघू जमतंय का’ म्हणून द्या, त्या काळात परत आणला तर कुणाला लाज वाटता कामा नये. दोन, नाही जमलं तर कुत्रा आमच्याकडेच आणायचा, हे लेखी घ्या आणि तो शब्द स्वतःही पाळा. तीन, आठव्या महिन्यात फोन करा. फोटो मागायला नको, मदत लागतेय का ते विचारायला.

वाऱ्यासाठी घर अजून शोधतेय. टेकडी चढणारं, सायकल चालवणारं, रोज पळणारं कुणी हवं. घर भाड्याचं चालेल, एकटं माणूस चालेल, कुत्रा पाळायचा अनुभव नसला तरी चालेल, शिकवू. रोजचे दोन तास मात्र लागतील, त्यात सूट नाही. तुमच्याकडे ते असतील तर मेसेज करा. नसतील तर मोकळेपणाने नाही म्हणा, त्याचाही आदर आहे. आणि तिसऱ्यांदा चुकीचं घर समोर आलं, तर मी तिसऱ्यांदाही नाहीच म्हणणार.